विसाव्या हिश्श्याचं इंजिन

अकराव्या वेळीही इंजिन पेरूच्या झाडापाशीच थांबलं.

सीताफळाच्या वळणापर्यंत ते नेहमीसारखं ऐटीत गेलं. मग त्याची फुसफुस मंदावली, धुराड्यातून वाफेऐवजी कोमट पाण्याचे थेंब उडाले आणि चाकं फिरायची राहिली. मागे जोडलेले दोन डबे हलकेच येऊन त्याला टेकले. वाफ्याच्या कडेला उकिडव्या बसलेल्या संयुक्तानं वहीत लिहिलं : 'प्रयत्न ११. सकाळी साडेसात. अर्धा फेरा. पेरू.'

"वस्ताद, काहीतरी चुकलंय," ती म्हणाली.

"काहीही चुकलेलं नाही," वस्ताद म्हणाला. "चारशे बारा भाग आहेत. प्रत्येक भाग मूळ इंजिनाच्या त्या त्या भागाच्या बरोबर विसाव्या हिश्श्याएवढा आहे. मी तीनदा मोजले."

हेच तर कोडं होतं. मूळ इंजिन चाळीस वर्षं धावलं होतं. त्याच्या एकेका नटबोल्टाचं माप नकाशात लिहिलेलं होतं. त्या मापांना वीसनं भागून हे हातभर लांबीचं इंजिन तयार झालं होतं, तेही केसाचा फरक न राहता. मग जे मोठेपणी धावत होतं, ते लहान झाल्यावर का थांबावं?

ही गोष्ट २०४७ सालच्या डिसेंबरातली, बार्शीची. संयुक्ताचे आजोबा, म्हणजे आईचे वडील नागनाथआप्पा, तंत्रनिकेतनात उष्णताशास्त्र (उष्णता कुठून कुठे आणि कशी जाते याचा अभ्यास) शिकवून निवृत्त झाले होते. त्यांच्या वडिलांनी बार्शीच्या अरुंद रुळांवर वाफेचं इंजिन चालवलं होतं. ते रूळ कधीच उखडले गेले, पण इंजिनाचा नकाशा आप्पांकडे राहिला. निवृत्तीनंतर त्यांनी घरामागच्या बागेत छोटे रूळ टाकले. दोन रुळांमधलं अंतर फक्त दोन बोटांचं, पण फेरा चांगला चाळीस मीटरचा. तो लिंबाखालून निघायचा, पाण्याच्या पाटावरच्या पुलावरून जायचा, सीताफळाला वळसा घालायचा आणि पेरूमागून परत यायचा. त्या रुळांवर पूर्वी विजेवर चालणारं एक इंजिन फिरायचं. आता आप्पांना खरंखुरं वाफेचं हवं होतं.

वस्ताद हा त्यांच्या कार्यशाळेतला यंत्रमानव. कमरेखाली चार चाकं, वर दोन लांब हात आणि प्रत्येक बोटात एकेक मोजमापाचं साधन. पितळ कापणं, घासणं, डाग देऊन जोडणं, सगळं तो करायचा. त्याला सांगितलं होतं, 'नकाशा वीसनं भाग.' त्यानं भागला.

आणि संयुक्ता? ती अकरा वर्षांची होती. एरवी ती आईबाबांबरोबर सोलापूरला राहायची. पण तीन आठवड्यांपूर्वी तिच्या आईला दवाखान्यात न्यावं लागलं आणि संयुक्ताला भाऊ झाला. ठरलेल्या दिवसाच्या दोन महिने आधी. वजन तेराशे ग्रॅम. आई दवाखान्यात राहिली, बाबांच्या घर ते दवाखाना अशा खेपा सुरू झाल्या आणि संयुक्ता आप्पांकडे आली. शाळेचे तास ती इथूनच पडद्यावर करायची.

आईनं पहिल्याच फोनवर विचारलं होतं, "आप्पांचं इंजिन झालं का गं? धावलं की मला दाखव. इथं दिवसभर पेटीकडे बघत बसलेली असते मी."

पेटी म्हणजे इन्क्यूबेटर (फार लहान जन्मलेल्या बाळांना ऊब देणारी काचेची पेटी). दवाखान्याकडून रोज संध्याकाळी पाच वाजता पेटीतल्या बाळाचं चित्र आप्पांच्या भिंतीवरच्या पडद्यावर यायचं. आप्पा खुर्ची ओढून बसायचे. संयुक्ता मात्र त्याच वेळी काहीतरी काम काढायची. पहिल्या दिवशी तिनं एकदाच पाहिलं होतं. नाकात नळी, पोटावर चिकटवलेली तापमानाची चकती आणि उंदराच्या पिलासारखं तांबूस अंग. त्यानंतर तिनं पाहिलंच नाही.

त्यातच शेजारच्या सुगलाबाई एक दिवस कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन आल्या. मनानं फार चांगल्या. पण भाकरीचा डबा ठेवता ठेवता त्या आप्पांना म्हणाल्या, "कच्चंच आलं म्हणायचं लेकरू. जपायला पाहिजे हो."

कच्चं. तो शब्द संयुक्ताच्या डोक्यातून जाईना. कच्चं म्हणजे अर्धवट. म्हणजे काहीतरी करायचं राहून गेलेलं.

त्या दिवसापासून तिनं वस्तादच्या मागे धोशा लावला. हा भाग परत मोज. तो भाग परत मोज. चूक सापडलीच पाहिजे.

*

अकराव्या प्रयत्नानंतर आप्पा चहाचा कप घेऊन बागेत आले.

"काय बघायलीस वहीत?"

"सगळे प्रयत्न," संयुक्ता म्हणाली. "आप्पा, हे बघा. सकाळी केलेले सात प्रयत्न आहेत. सातही वेळा अर्धा फेरा, पेरूपाशी बंद. दुपारी केलेले चार आहेत. तेव्हा मात्र इंजिन दीड फेरा गेलंय. चारही वेळा. पाणी तेवढंच, स्पिरिट तेवढंच."

आप्पांनी कप कट्ट्यावर ठेवला आणि वही हातात घेतली. उसाच्या मळीपासून केलेल्या स्पिरिटवर इंजिनाची बत्ती जळायची. ते संयुक्ता मापानं भरायची हे त्यांना माहीत होतं.

"सकाळी आणि दुपारी काय वेगळं असतं?" त्यांनी विचारलं.

"सकाळी गारठा असतो. आणि पेरूकडून वारं येतं."

"मग गारठा आणि वारा इंजिनाचं काय करतात?"

संयुक्तानं थोडा विचार केला. "त्याला थंडी वाजते," ती म्हणाली, आणि आपण बाळबोध बोललो असं वाटून ओशाळली.

"बरोबर बोललीस," आप्पा म्हणाले. "अगदी तसंच. बॉयलरमध्ये (पाणी उकळून वाफ करायच्या बंद भांड्यात) वाफ होते. ती नळीतून सिलिंडरमध्ये जाते. सिलिंडर म्हणजे हे नळकांडं. यात दट्ट्या असतो. वाफ त्याला ढकलते, दट्ट्या चाकाला फिरवतो. पण वाटेतच वाफ गार झाली तर तिचं काय होईल?"

"पाणी होईल. धुराड्यातून उडतं ते."

"आणि पाण्याला काही दट्ट्या ढकलता येत नाही. म्हणजे आपल्या इंजिनाची ऊब वाटेतच निसटते आहे."

"पण मोठ्या इंजिनालाही थंडी वाजत असेल की," संयुक्ता म्हणाली. "तेही डिसेंबरात धावायचं."

आप्पा हसले. "हा खरा प्रश्न. चल, स्वयंपाकघरात."

फळीवर एकात एक बसणाऱ्या गोल डब्यांचा संच होता. सगळ्यांचा घाट एकच, फक्त आकार वेगवेगळे. आप्पांनी त्यातला सर्वांत मोठा डबा काढला, पाच लिटरचा, आणि सर्वांत धाकटा, ज्यात वेलदोडे असायचे. दोन्हींत उकळतं पाणी भरलं. वस्तादनं दोन्ही डब्यांत एकेक बोट घालून तापमान घेतलं. दोन्हीकडे पंच्याण्णव अंश. मग आप्पांनी झाकणं लावली.

"आता अर्धा तास थांबायचं," आप्पा म्हणाले. "तेवढ्यात वस्ताद, मला लाकडाचे ठोकळे कापून दे. सगळ्या बाजू एक सेंटीमीटर. नऊ नग."

ठोकळे आले. आप्पांनी एक ठोकळा वेगळा ठेवला. उरलेल्या आठांचा त्यांनी एक मोठा ठोकळा रचला : दोन लांब, दोन रुंद, दोन उंच.

"हा एकटा ठोकळा म्हणजे एका माणसाचं घर समज. घराला बाहेरच्या बाजू किती?"

"सहा. चार भिंती, एक छत, एक तळ."

"म्हणजे एका माणसामागे सहा बाजूंनी थंडी. आता हे मोठं घर. यात माणसं किती?"

"आठ."

"आणि बाहेरून दिसणारे चौकोन किती? मोज."

संयुक्तानं ठोकळा फिरवून फिरवून मोजले. एका बाजूला चार चौकोन. सहा बाजू. "चोवीस."

"मग एका माणसामागे किती?"

"चोवीस भागिले आठ. तीन." ती थांबली. "इथं तीनच?"

"तीनच. कारण मोठ्या घरात माणसं एकमेकांना चिकटून बसलेली असतात. त्यांच्या अर्ध्या भिंती आतल्या आत लपतात. वस्तूच्या आत जेवढी जागा असते तिला घनफळ म्हणतात. ऊब तिथं साठते. आणि वस्तूच्या बाहेरच्या सगळ्या कातडीला पृष्ठफळ म्हणतात. ऊब तिथून निसटते. वस्तू लहान केली की दोन्ही कमी होतात, पण सारखी कमी होत नाहीत. साठवण फार कमी होते. निसटायची जागा त्या मानानं कमी होत नाही."

संयुक्तानं पेन्सिल घेतली. "आपलं इंजिन वीस पट लहान आहे. म्हणजे त्याची कातडी..."

"वीस गुणिले वीस."

"चारशे पट लहान. आणि आतली जागा वीस गुणिले वीस गुणिले वीस... आठ हजार पट लहान." तिनं आठ हजाराला चारशेनं भागलं आणि आकड्याकडे पाहत राहिली. "वीस. म्हणजे ऊब जेवढी साठते त्या मानानं आपल्या इंजिनाला वीस पट जास्त कातडी आहे."

"मोठं इंजिन वीस मिनिटांत जेवढं गार होईल, तेवढं हे एका मिनिटात," आप्पा म्हणाले.

अर्धा तास झाला. वस्तादनं पुन्हा बोटं बुडवली. मोठ्या डब्यात शहाऐंशी अंश. धाकट्यात चौसष्ट.

वस्तादनं बोटं बाहेर काढून पुसली. मग म्हणाला, "माझी मापं बरोबर होती."

"होती," आप्पा म्हणाले. "तुझं काहीच चुकलं नाही. इंजिनात चूक नाहीच आहे. ते फक्त लहान आहे."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास बाबांचा फोन आला. रोजच्या वेळेचा नव्हता, म्हणून आप्पांनी तो घाईनं घेतला. संयुक्ता शेजारीच उभी होती.

"काल संध्याकाळी बाळाची पेटी बदलली," बाबा सांगत होते. त्यांचा आवाज बसला होता. "बदलताना त्याचं अंग गार पडलं. पस्तीस अंशांच्या जरा वर. रात्रभर ऊब देऊन आता थोडं वाढलंय, पण दूध पचेना झालंय. डॉक्टर बघतायत. दुपारी फोन करतो."

फोन बंद झाला. आप्पा खुर्चीत बसून राहिले. ज्या हातांना कधी स्वस्थ बसवत नसे, ते गुडघ्यांवर तसेच पडून होते. संयुक्ता दारात उभी राहिली. बाहेर सुगलाबाईंच्या अंगणात कुणीतरी चादरी आपटून वाळत घालत होतं, त्याचा धप्प धप्प आवाज येत होता.

मग ती आप्पांकडे वळून म्हणाली, "आप्पा, बाळ गार का पडलं? ते पण लहान आहे, म्हणून?"

आप्पांनी मान वर केली.

"त्याच्याकडे साठवण कमी आणि कातडी जास्त," ती घाईघाईनं बोलू लागली. "धाकट्या डब्यासारखं. म्हणून त्याला पेटी लागते. हो ना?"

"हो," आप्पा म्हणाले. "तुझ्या माझ्या एका किलोमागे जेवढी कातडी असते, त्याच्या जवळजवळ तिप्पट त्याच्या एका किलोमागे आहे. शिवाय कातडीखाली चरबीचा थर असतो ना, तो शेवटच्या दोन महिन्यांत चढतो. ते दोन महिने त्याला मिळाले नाहीत. ऊब तो तयार करतो, पण ती निसटते लवकर."

"म्हणजे तो कच्चा नाही?"

आप्पांना तो शब्द कुठून आला ते लगेच कळलं. त्यांनी तिला जवळ बोलावलं.

"मी डॉक्टर नाही, संयू. पण डॉक्टरांनी मला जे सांगितलं ते तुला सांगतो. हृदय नीट आहे. फुप्फुसं आता नीट चालतात. हात, पाय, बोटं, नखं सगळं जागच्या जागी आहे. त्याच्यात काही करायचं राहिलेलं नाही. त्याला फक्त वाढायचंय. आणि वाढेपर्यंत त्याची ऊब राखायचीय."

संयुक्तानं नाक पुसलं. मग भिंतीजवळ जाऊन म्हणाली, "आत्ता दिसेल का तो? पाच वाजले नाहीत तरी?"

आप्पांनी दवाखान्याला विचारलं. पाच मिनिटांनी पडद्यावर चित्र आलं. नळी होती. चकती होती. पण या वेळी संयुक्तानं नळीच्या पलीकडे पाहिलं. बाळाच्या डोक्यावर लोकरीची पिवळी टोपी होती, पायांत अंगठ्याएवढे मोजे होते. एक मूठ गालाशी घट्ट धरलेली. छाती वरखाली होत होती.

"टोपी का घातलीय? पेटी तर गरम आहे."

"त्याचं डोकं अंगाच्या मानानं मोठं आहे. ऊब तिथून सगळ्यांत जास्त जाते."

ती बराच वेळ पाहत उभी राहिली. मग वळून म्हणाली, "दुपारपर्यंत नुसतं बसायचं? चला, इंजिनाला कोट घालू."

*

"मूळ इंजिनाच्या बॉयलरवर ऊब राखणारं आवरण होतं," वस्ताद म्हणाला. "पाच सेंटीमीटर जाड. त्याचा विसावा हिस्सा अडीच मिलिमीटर. तेवढं मी घातलेलं आहे."

"तेच तर," संयुक्ता म्हणाली. "लहान वस्तूला मोठ्यापेक्षा जाड कोट लागतो. त्या मानानं जाड. आठ मिलिमीटर घालू."

"मग बॉयलर मापापेक्षा वीस टक्के जाड दिसेल. ती नकाशाची प्रतिकृती राहणार नाही."

"न राहू दे," आप्पा म्हणाले. "आपल्याला ते धावायला हवंय."

आप्पांकडे एक जुनी घोंगडी होती, काळ्या लोकरीची. तिची एक पट्टी कापून त्यांनी बॉयलरभोवती गुंडाळली आणि वस्तादनं पितळी पट्ट्यांनी ती करकचून आवळली. पाणी भरलं. बत्ती पेटवली. दाबमापकाची (वाफेचा जोर दाखवणाऱ्या तबकडीची) सुई चढली. इंजिन निघालं, सीताफळ ओलांडलं, पेरूही ओलांडला आणि दोन फेरे पुरे करून लिंबाखाली बंद पडलं.

"एवढंच?" संयुक्ताचा चेहरा उतरला.

आप्पांनी घोंगडीला बोट लावलं. लोकर चेपून पुठ्ठ्यासारखी झाली होती.

"आपलीच चूक," ते म्हणाले. "लोकर स्वतः गरम नसते. तिच्या धाग्यांमध्ये हवा अडकलेली असते. ती अडकलेली हवा ऊब बाहेर जाऊ देत नाही. आपण आवळून ती हवाच पिळून काढली."

या वेळी संयुक्तानं लोकर हातानं पिंजून सैल केली. वस्तादनं पातळ लाकडाच्या पट्ट्यांचं कवच केलं, आत लोकर फुगलेली राहील असं. सिलिंडरलाही तसंच आवरण घातलं. वाफेच्या नळीवर लोकरीची दोरी गुंडाळली. इंजिन आता नकाशातल्यासारखं सडपातळ राहिलं नव्हतं. स्वेटरवर स्वेटर घातलेल्या पोरासारखं ते गुबगुबीत दिसत होतं.

दुपारचा एक वाजून गेला होता. बाबांचा फोन अजून आला नव्हता. आप्पांनी तो खिशातून काढून कट्ट्यावर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

सुई चढली. संयुक्तानं झडप उघडली.

इंजिन निघालं. पुलावरून गेलं. सीताफळाच्या वळणावर त्याची फुसफुस तशीच राहिली. पेरूच्या सावलीत वारं होतं, संयुक्ता श्वास रोखून रुळाशेजारून चालत होती, पण धुराड्यातून थेंब उडाले नाहीत. शुभ्र वाफ निघत होती. एक फेरा झाला. दुसरा. तिसऱ्या फेऱ्याला वस्ताद म्हणाला, "दाब कमी झालेला नाही." चौथ्या फेऱ्याला सुगलाबाई कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. एरवी अशा वेळी संयुक्ता नाचली असती. आज ती नुसती चालत राहिली, इंजिनाच्या वेगानं, एक डोळा कट्ट्यावर ठेवून.

पाचव्या फेऱ्यात फोन वाजला.

आप्पांनी तो उचलला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"छत्तीस पूर्णांक आठ," बाबा म्हणाले. "दोन तास झाले, तिथंच टिकलंय. आत्ता दूध दिलं, ते पचलं. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण राहिलं नाही."

आप्पा कट्ट्यावर बसले. त्यांनी हातातल्या तेलकट चिंधीनं डोळे पुसले आणि त्यांच्या गालावर काळा पट्टा उमटला. सुगलाबाईंनी कुंपणापलीकडून हात जोडले. संयुक्ता वाफ्यातल्या ओल्या मातीत तशीच बसली. तिच्यासमोरून इंजिन दोन डबे ओढत, फुसफुसत पुढे गेलं.

"तो कसला आवाज येतोय?" फोनमधून आईनं विचारलं.

"इंजिन आहे आई," संयुक्ता म्हणाली. "धावतंय. थांब, दाखवते."

स्पिरिट संपलं तेव्हा सात फेरे झाले होते.

*

जानेवारीच्या अखेरीस आप्पा आणि संयुक्ता सोलापूरला गेले. बार्शीहून निघालेली बस चालकाविना आपली आपण चालत होती. आप्पा खिडकीशी डुलकी काढत होते आणि संयुक्ता वहीत आकडे मांडत होती. निघताना वस्तादनं तिला एक काम दिलं होतं. 'पुढच्या इंजिनाच्या वेळी कोणती मापं वीसनं भागायची आणि कोणती नाहीत, ते मला आधी लिहून द्या,' तो म्हणाला होता. यादी लांबत चालली होती. बॉयलरमधून धूर नेणाऱ्या नळ्या विसाव्या हिश्श्यानं फार बारीक होतात, त्या संख्येनं कमी पण रुंद हव्यात. कोट जाड हवा. पाण्याचे थेंब मात्र लहान होत नाहीत, इंजिन लहान झालं तरी थेंब तेवढाच.

यादीखाली तिनं आणखी एक हिशेब केला. बाळ आता आहे त्याच्या दुप्पट उंच झालं, आणि अंगानंही त्याच प्रमाणात भरलं, तर त्याची कातडी चौपट होईल, पण आतली साठवण आठपट होईल. म्हणजे ऊब राखणं दुपटीनं सोपं. त्याला वेगळा कोट करायची गरज नाही. तो जसजसा वाढेल तसतसा आपला आपण उबदार होत जाईल.

दवाखान्यात हात धुऊन, अंगरखा घालून तिला आत नेलं. आई आरामखुर्चीत टेकून बसली होती. बाळ पेटीत नव्हतंच. आईच्या उघड्या छातीवर ते बेडकासारखं पालथं पडलं होतं आणि वरून शाल होती.

"दिवसातले सहा तास असंच ठेवतो आता," परिचारिका ताई म्हणाल्या. "आईच्या अंगाला चिकटलं की एक बाजू झाकली जाते, आणि आईची ऊब मिळते."

"म्हणजे मोठ्या ठोकळ्यासारखं," संयुक्ता म्हणाली. "चिकटून बसलं की अर्ध्या भिंती लपतात."

ताईंना ते कळलं नाही, पण आप्पांनी मान डोलावली.

बाळाचं वजन आता दोन किलोंच्या पुढे गेलं होतं. नाकातली नळी निघाली होती. संयुक्तानं वाकून पाहिलं. भुवया होत्या, अगदी फिक्या, आणि एक भुवई दुसरीपेक्षा जरा वर. आईसारखी.

"आजपासून पेटीचं तापमान अर्ध्या अंशानं खाली आणलंय," ताई म्हणाल्या. "उद्या आणखी अर्ध्यानं. असं करत करत पेटी बंद करायची. मग घरी."

"कधी?"

"तो ठरवेल. पण फार दिवस नाहीत."

शालीखालून एक पाय बाहेर आला, दोनदा झटकला गेला आणि मोजा खाली पडला. ताईंनी तो उचलून परत घातला. त्या वळतात न वळतात तोच पाय पुन्हा झटकला गेला आणि मोजा संयुक्ताच्या पायाशी आला.

"सकाळपासून हे चौथ्यांदा," आई म्हणाली आणि हसली. कितीतरी दिवसांनी संयुक्ता तिला अशी हसताना पाहत होती. "याला उकडायला लागलंय बहुतेक."

ताईंनी बाळाच्या पोटावरच्या चकतीचा आकडा पाहिला. सदतीस. त्यांनी संयुक्ताकडे पाहिलं.

"राहू दे मग जरा वेळ," त्या म्हणाल्या.

संयुक्तानं मोजा उचलून मुठीत धरला आणि तो उघडा पाय पाहत बसली.